संपर्कात आलेली माणसं

क्राइन टेबलाच्या खालच्या कडेवर उजवा हात घासत होता. टेबलाच्या वर त्याचा डावा हात ब्रेडवर लोणी फासत होता, चेहरा चर्चमध्ये बसल्यासारखा साळसूद, आणि खालून मात्र लाकडावर कातडी खरवडल्याचा आवाज येत होता.

“हात वर घे,” ट्रूस म्हणाली.

“कुठला?”

“जो वर नाहीये तो.”

त्याने हात उचलून टेबलावर ठेवला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि याच्याकडे नुसता सांभाळायला दिला होता. ट्रूसने चष्मा नाकावर सरकवला. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाभोवती, पंजाच्या पाठीवर मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. काही नखं लागून फुटल्या होत्या आणि त्यांवर खपल्या धरल्या होत्या.

“वाढलंय.”

“कमी होतंय,” म्हणत त्याने कॉफीचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “कॉफी हल्ली पातळ लागते.”

“अठ्ठेचाळीस वर्षं तेच माप घालतेय मी.”

“मग माझीच जीभ बिघडली असेल.”

“आधी हात, आता जीभ. एकेक करत सगळाच नादुरुस्त व्हायला लागलास.”

तो हसला आणि हसता हसता हात पुन्हा टेबलाखाली नेला.

दोन आठवडे ट्रूस या खाजेच्या मागे लागली होती. एखादी गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पहिला संशय मांजरावर गेला. पिसवा असतील म्हणून तिने मांजराला मांडीवर दाबून धरून बारीक कंगव्याने विंचरलं. पिसू एकही निघाली नाही, ट्रूसच्या हातावर दोन ओरखडे मात्र निघाले. मग कपड्यांची नवी पावडर बाद झाली आणि जुनी परत आली. मग सांधेदुखीसाठी क्राइन घालत असे ते तांब्याचं कडं ड्रॉवरमध्ये गेलं. मग टोमॅटोच्या चार कुंड्यांना त्याने हात लावायचा नाही असं ठरलं. शेवटी तिला कालव्याकाठचे ओक आठवले. त्या झाडांवर दर उन्हाळ्यात केसाळ सुरवंट होतात, त्यांचे केस वाऱ्याने उडून अंगाला लागले की आग होते. पालिकेने तशी पाटीसुद्धा लावली होती. आणि क्राइन तर गेले तीन आठवडे रोज सकाळी साडेसातला सायकलला गळ बांधून कालव्यावर जात होता.

“ओकखाली बसू नकोस,” तिने सांगितलं होतं.

“नाही बसत,” तो म्हणाला होता.

इतक्या चटकन तो तिचं कधी ऐकत नसे, पण हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही. तीन आठवड्यांत घरी एकही मासा आला नव्हता, याचंही तिने फार मनावर घेतलं नव्हतं. पाणी गरम आहे, मासे तळाशी जातात, असं तो सांगायचा. निवृत्त माणसाने सकाळी घराबाहेर असणं हेच मुळी बायकोला मोठं सुख असतं; त्यात वर मासेही हवेत असं म्हणणं हावरेपणाचं झालं असतं.

“आज डॉक्टरकडे जायचं,” ती म्हणाली.

“आज? अगं, मासे…”

“मासे उद्यापर्यंत थांबतील. तीन आठवडे थांबलेत.”

गावचे जुने डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी एक तरुण बाई आली होती, पार दक्षिणेकडची, टेकड्यांच्या मुलखातली. बोलणं गोड आणि हात गार. तिने क्राइनचा हात दिव्याखाली धरून भिंगातून बराच वेळ पाहिला, मग शर्ट वर करायला सांगून कंबर पाहिली. तिथेही पट्ट्याच्या रेषेवर पुरळ होतं.

“घरात पाळीव प्राणी?”

“मांजर. पिसवा नाहीत,” ट्रूस म्हणाली. “विंचरलंय.”

“नवीन साबण, पावडर?”

“बदलून पाहिली.”

“अंगठी, घड्याळ, धातूचं काही?”

“कडं होतं. काढलं.”

डॉक्टरीणबाईंनी ट्रूसकडे जरा आदराने पाहिलं. “बागकाम?”

“चार कुंड्या. टोमॅटो,” क्राइन म्हणाला.

“आधी काय करत होतात तुम्ही?”

“हायसिंथच्या फुलांचे कंद,” उत्तर पुन्हा ट्रूसनेच दिलं. “पण अकरा वर्षं झाली जमीन विकून. तेव्हापासून आमच्याकडे कांद्याखेरीज कुठला कंद आलेला नाही.”

“म्हणजे ते नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी खोडलं.

क्राइन भिंतीवरचं कानाच्या आतलं चित्र पाहत होता. फारच बारकाईने पाहत होता.

मग बाईंनी सांगितलं ते असं. खरूज असावी. अगदी खात्रीने सांगता येत नाही, पण बेचकी, मनगट, कंबर या तिच्याच जागा आहेत, आणि पलीकडच्या वृद्धाश्रमात सध्या साथ आहे. वाट पाहण्यापेक्षा उपाय करून टाकलेला बरा. दोघांनीही मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं. चादरी, टॉवेल, आतले कपडे कडक पाण्यात धुवायचे. जे धुता येणार नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवायचं.

“आणि हे,” त्यांनी एक छापील कागद पुढे केला. “गेल्या सहा आठवड्यांत ज्यांच्याशी जवळून संबंध आला त्यांना कळवायचं. हातात हात घेतला असेल, एकच टॉवेल वापरला असेल. मुलं? नातवंडं?”

“मुलगा कॅनडात,” ट्रूस म्हणाली.

“भावंडं?”

ट्रूसने पर्सची कडी उघडून पुन्हा लावली, क्राइन परत कानाच्या चित्राकडे वळला.

“म्हणजे तुम्ही दोघंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सोपं आहे मग.”

कागदावर नावं लिहायला पाच रेघा होत्या. ट्रूसने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी येईपर्यंत त्या पाच रिकाम्या रेघा तिच्या डोळ्यांपुढून हलल्या नाहीत. खरजेची लाज वाटतच होती, पण एवढं मोठं आयुष्य गावात काढून कळवायला एक माणूस नसावा, ही त्याहून मोठी लाज वाटली.

जेवण झाल्यावर क्राइन खुर्चीत डुलक्या घेऊ लागला आणि ट्रूसने घर उपसायला काढलं. चादरी मशीनमध्ये गेल्या. गावाचा धुण्याचा वार सोमवार; मंगळवारी दोरीवर चादरी दिसल्या असत्या तर शेजारीण विचारायला आली असती, म्हणून वाळत घालायला तिने माळ्यावर दोरी बांधली. उशा, लोकरीचे कपडे, कोट, टोप्या, मागच्या दाराच्या खुंट्यांवर जे जे होतं ते सगळं तिने मोठ्या काळ्या पिशव्यांत भरलं. शेवटच्या खुंटीवर तिचा निळा सुती डगला होता, लांब बाह्यांचा, कामाचा. अकरा वर्षं तो तिथेच लटकत होता. त्याला कशाची खरूज होणार? तरी तिने तोही भरला, गाठी मारल्या आणि पिशव्यांवर खडूने लिहिलं: शुक्रवारपर्यंत उघडू नये.

मग राहिली क्राइनची मासेमारीची विजार. मशीनमध्ये टाकण्याआधी तिने सवयीने खिसे उलटे केले आणि खालच्या दुमडी सोडल्या. रेती पडली. ती पडायचीच, या गावात रेती कोणाच्या विजारीत नसते? पण रेतीबरोबर एक पापुद्राही पडला, नखापेक्षा थोडा मोठा.

ती तो घेऊन खिडकीपाशी गेली. कांद्याचा नव्हता. कांद्याचा तांबूस असतो आणि चुरचुरतो. हा तलम होता, फिकट चंदेरी, आणि कडेला जांभळी झाक. पांढऱ्या हायसिंथच्या कंदाचा पापुद्रा सगळाच पांढुरका असतो, निळ्याचा सगळाच जांभळा. असा दोन्हींच्या मधला एकाच जातीचा. ती जात क्राइनच्या वडिलांनी पंधरा वर्षं खपून तयार केली होती आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं, नेल्त्ये. नेल्त्ये आता जगात एकाच शेडमध्ये होती.

ट्रूस धुण्याच्या टोपलीवर बसली.

ती शेड लेंडर्टची, क्राइनच्या थोरल्या भावाची. आणि लेंडर्टची बायको यान्स म्हणजे ट्रूसची सख्खी धाकटी बहीण. दोन भावांनी दोन बहिणी केल्या होत्या, आणि तीस-पस्तीस वर्षं चौघं एकाच टेबलाशी बसून कंद कोरत होती. जुलै महिना कोरण्याचा. कंदाचा बुडखा वाकड्या सुरीने वाटीसारखा कोरून काढायचा, म्हणजे त्या जखमेच्या कडेला पिल्लं धरतात. कोरड्या कंदांची धूळ अंगावर उडते, तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात. बेचक्यांत, मनगटावर, पट्ट्याखाली, मानेवर. जिथे जिथे ती धूळ अडकते तिथे तिथे मोहरीसारखं पुरळ उठतं. चौदाव्या वर्षी ट्रूसला ते पहिल्यांदा उठलं तेव्हा ती रडली होती, आणि अकरा वर्षांच्या यान्सने तिचे दोन्ही हात गार पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत दाबून धरले होते. “खाजवू नकोस, वेडे. बुडव नुसते.”

हायसिंथची खाज. या कंदांच्या मुलखातलं शेंबडं पोरही ती ओळखतं. आणि आपण दोन आठवडे मांजर विंचरत बसलो!

अकरा वर्षांपूर्वी म्हातारा गेला, जमिनीची वाटणी झाली आणि क्राइनने आपला वाटा घरं बांधणाऱ्यांना विकला. पाठ साथ देत नव्हती, मुलगा परत येणार नव्हता. दुसरं करणार काय? पण लेंडर्टने चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत, “बापाच्या मातीवर सिमेंट ओतलंस,” असं म्हटलं. क्राइनने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की यापुढे तुझ्या शेडमध्ये माझा पाय पडणार नाही आणि माझ्या घरातल्या कोणाचाही पडणार नाही. घरात कोण, तर ट्रूस. तिला कोणी विचारलं नव्हतं. पण माणूस चारचौघांत बोलला होता, आणि त्याचा शब्द तिने खाली पडू दिला नाही. यान्सचं घर सायकलने सात मिनिटांवर होतं. अकरा वर्षं ती त्या रस्त्याने गेली नाही. यान्सच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते तिला चर्चच्या पत्रकातून कळलं. रविवारी दोघी एकमेकींना मान हलवून नमस्कार करत, दोन बाजूंच्या बाकांवरून.

गेल्या रविवारचं तिला आता आठवलं. भजनाचं पुस्तक यान्सने धरलं होतं, दोघांसाठी. लेंडर्टचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. ईस्टरपासून तो खिशातच असे. थरथरणारा हात माणूस खिशात घालतो, आणि थरथरत्या हाताने कंद कोरता येत नाही.

म्हणून क्राइन जात होता. इथवर तिला सगळं कळलं आणि क्षणभर फार बरंही वाटलं. मग सकाळची कॉफी आठवली.

यान्सची कॉफी त्यांच्या आईच्या हातची, चमचा उभा राहील अशी. तीन आठवडे हा माणूस माझ्या बहिणीच्या हातची कॉफी पीत होता आणि घरी येऊन माझी पातळ म्हणत होता! ट्रूसला इतका राग आला की टोपलीची वेताची कड तिच्या मुठीत मोडली. तिने पापुद्रा ॲप्रनच्या खिशात टाकला, विजार मशीनमध्ये टाकली आणि नेहमीपेक्षा एक खूण जास्त गरम पाणी लावलं.

संध्याकाळी सात वाजता, ऊन अजून न्हाणीघराच्या फरशीवर होतं तेव्हा, तिने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि क्राइनला त्यावर आतल्या चड्डीवर उभं केलं. एकाहत्तर वर्षांचा उंच माणूस, गळ्यापर्यंत उन्हाने भाजलेला आणि त्याखाली दुधासारखा पांढरा. तिने मलमाची ट्यूब उघडली.

“गार आहे,” तो म्हणाला.

“असू दे. हात पुढे कर. बोटं फाक. डॉक्टरांनी बेचक्यांत नीट लावायला सांगितलंय.”

तिने नीट लावलं. प्रत्येक बेचकीत, नखांच्या खाली, कोपराच्या मागे, काखेत. मलम पाटीवर खडू घासल्यासारखं वर दिसत होतं. पाठीला लावताना तो गुदगुल्यांनी आक्रसला.

“ट्रूस.”

“काय?”

“तुला वाटतं, ही खरूजच असेल?”

“डॉक्टर शिकलेल्या आहेत.”

“हो, पण कधी कधी…”

“कधी कधी काय?”

मागे तिचा हात थांबला. एवढंसं अंतर होतं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. बोलला असता तर तिने तिथेच सगळं माफ करून टाकलं असतं, निदान तिला तरी तसं वाटलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “पायांना मीच लावतो.”

“पायांनाही मीच लावते. उभा राहा सरळ.”

पाय झाले. मग तिने हात पुसले, पर्समधून ॲप्रनच्या खिशात आणलेला डॉक्टरांचा कागद काढला आणि पेन्सिल कानामागून काढली.

“आता नावं सांग. सहा आठवड्यांत कोणाकोणाशी संबंध आला. हाताला हात लागला असेल, एका टेबलाशी बसला असशील, एका टॉवेलला हात पुसले असतील. सगळ्यांना कळवायला हवं. त्यांनाही हे असंच नखशिखांत लावावं लागेल.”

क्राइनने खाली पाहिलं. वर्तमानपत्रावर त्याच्या पायांची पांढरी बोटं वर-खाली होत होती.

“कोणी नाही.”

“कोणीच नाही?”

“तू.”

“मी आणि मासे.”

“तू आणि मासे,” तो म्हणाला. तिच्याकडे पाहणं त्याला जमलं नाही.

“बरं,” ट्रूस म्हणाली. “वाळेपर्यंत बसू नकोस कुठे.”

ती बोळात आली. फोन तिथे भिंतीला होता, खाली छोटं मेज. त्या मेजावर कागद ठेवून तिने पहिल्या रेघेवर लिहिलं, यान्स. दुसऱ्या रेघेवर, लेंडर्ट. पेन्सिलीचं टोक जरा जास्त दाबलं गेलं. आकडे आठवावे लागतील असं तिला वाटलं होतं, पण बोट आपोआपच फिरलं.

“यान्स बोलतेय.”

आवाज म्हातारा झाला होता. रविवारी नुसती मान हलवताना हे कळत नव्हतं.

“ट्रूस,” ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“कोण गेलं?” यान्सने विचारलं.

“कोणी नाही गेलं. तू बस.”

“बसलेय. मग काय झालंय?”

“आमच्याकडे खरूज झालीय. क्राइनला. डॉक्टरांनी सांगितलंय, जवळून संबंध आलेल्या सगळ्यांना कळवायचं. म्हणून कळवतेय.”

यान्स म्हणाली, हळूच, जपून, “अगं ट्रूस… ती खरूज नाहीये.”

“मला माहीत आहे.”

“हायसिंथ आहे ती.”

“माहीत आहे गं. पण डॉक्टरांनी कळवायला सांगितलंय ना!”

यान्स हसली. त्यांची आई हसायची तशी, आधी श्वास अडकायचा आणि मग फुटायचं. ट्रूसलाही हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं, तेव्हा तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

“मेली, कुठल्या डॉक्टरने सांगितली खरूज?”

“नवीन आहे. टेकडीवरची. बिचारीला काय माहीत? लेंडर्टचा हात कसा आहे?”

“चमचा धरवत नाही. सुरीचं तर नावच नको. या वर्षी कंद तसेच जाणार म्हणून मी धाय मोकलून रडायचीच बाकी होते, आणि एका सकाळी तुझा नवरा आला. गळ भिंतीला टेकवला. एक शब्द नाही. शेडच्या दारापर्यंत आला आणि तिथेच उभा. मग लेंडर्ट उठला, दोघांनी मिळून टेबल उचललं आणि उंबरठ्यावर आडवं ठेवलं. लेंडर्ट आत बसतो, तुझा नवरा बाहेर. लेंडर्ट डाव्या हाताने कंद पुढे सरकवतो, तुझा नवरा कोरतो.”

“म्हणजे आत पाय ठेवला नाही.”

“छे! पाऊस आला तर छत्री धरून बसतो, पण आत येईल तर शपथ. तीन आठवडे झाले, बोललेसुद्धा नाहीत अजून. काल लेंडर्ट ‘हं’ म्हणाला. मी म्हटलं चला, सुरुवात तर झाली.”

ट्रूसने मेजाची कड धरली. “मला का कळवलं नाहीस?”

“तो म्हणाला, घरी कळता कामा नये.” यान्स म्हणाली. “मला वाटलं, तुलाच नको असेल.”

“मला?”

“अकरा वर्षं तू आली नाहीस, ट्रूस.”

“तूही नाही आलीस.”

“मी थोरली आहे का?” यान्स म्हणाली. पासष्ट वर्षांची बाई, आणि आवाज बादलीशी उभ्या राहिलेल्या पोरीचा.

बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली.

“किती राहिलेत?” ट्रूसने विचारलं.

“चाळीस टोपल्या. त्यात अर्धीअधिक नेल्त्ये तशीच पडलीय. माझ्याने आणि क्राइनच्याने होत नाही, त्यात त्याची पाठ. तुझी सुरी आहे इथेच.”

“माझी?”

“त्या वर्षी टेबलावर राहिली ती. दर जुलैत माझी पाजवते तेव्हा तिचीही धार करते.”

“वापरतं कोण?”

“कोणी नाही,” यान्स म्हणाली. “उद्या आठला. लांब बाह्या घाल. मानेला फडकं बांध, नाहीतर मागच्यासारखी रडशील.”

फोन ठेवून ट्रूस वळली तर क्राइन न्हाणीघराच्या दारात उभा होता. कंबरेला टॉवेल, बाकी मानेपासून खाली सगळा पांढराफटक. भिजलेल्या भुताला हसावं का घाबरावं, असा प्रश्न कोणालाही पडला असता.

“कधीपासून माहीत होतं तुला?” त्याने विचारलं.

“दुपारपासून. विजारीच्या दुमडीत नेल्त्ये सापडली.”

“आणि तरी हे सगळं फासलंस?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आधी उजव्या, मग डाव्या. “मी आत पाय ठेवलेला नाही, ट्रूस.”

“ऐकलं.”

“तुला सांगणार होतो. पण मीच तुला नको म्हटलेलं. आता कुठल्या तोंडाने…”

“याच तोंडाने. पातळ कॉफी म्हणायला चाललं ना?” ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आला. “मला राग आलाय, क्राइन. तू एकटा जात राहिलास. माझी बहीण आहे ती. हा राग उद्याही असेल, परवाही असेल. तू तयारी ठेव.”

“ठेवतो,” तो म्हणाला.

तो तसाच उभा राहिला. बसायची परवानगी नव्हती, आणि जवळ यावं तर मलम लागलं असतं. जरा वेळाने त्याने मागच्या दाराकडे मान केली.

“पण उद्या घालणार काय? कपडे सगळे पिशव्यांत बांधलेस तू.”

काळ्या पिशव्या मागच्या दाराशी ओळीने उभ्या होत्या. ट्रूस त्यांच्यापाशी जाऊन खाली वाकली. शुक्रवारपर्यंत उघडू नये, तिचंच अक्षर. गाठ तिनेच मारलेली, घट्ट बसली होती. ती सोडवत बसली नाही. नख खुपसून तिने पिशवी मधोमध फाडली, हात आत घालून चाचपलं आणि निळा डगला ओढून बाहेर काढला.

तिने तो तिथेच अंगात घालून पाहिला. बाह्या बरोबर होत्या. मधलं बटण काही केल्या लागेना.

“उघडाच राहू दे,” क्राइन म्हणाला.

“यान्स लावील ओढून,” ट्रूस म्हणाली, आणि डगला न काढताच ती कॉफी मांडायला गेली. दोन चमचे जास्त घालून.